पवित्र कुटुंबाचा रविवार

नाताळ झाला की पुढच्या रविवारी येशू, मरिया आणि योसेफ यांच्या पवित्र कुटुंबाचा सण, आणि वसईतल्या आमच्या धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या सगळ्या कुटुंबांचा, मेळावाही त्याच दिवशी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की चर्चच्या पटांगणातल्या मांडवात सगळे जमायचे. पुढच्या रांगा लाल लुगड्यातल्या आज्यांच्या. तिथे दुसरं कोणी बसत नसे.

या सणाची शुभवार्ता, म्हणजे मिस्सेत वाचला जाणारा येशूच्या जीवनातला प्रसंग, दर तीन वर्षांनी फिरून येते. एका वर्षी योसेफ बाळाला घेऊन रातोरात इजिप्तला निघतो, एका वर्षी मंदिरात वृद्ध शिमोन बाळाला हातांवर घेतो, आणि एका वर्षी बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहतो. हे हरवण्याचं वर्ष मला फार आवडायचं. तीन दिवस शोधून दमलेली मरिया मुलाला जाब विचारते, तेव्हा मांडवातल्या आया मान हलवायच्या. पवित्र कुटुंबातही काळजी होती, रागावणं होतं, समजून घ्यायला वेळ लागत होता, हे ऐकून किती धीर यायचा!

मग 25 आणि 50 वर्षं संसार केलेली जोडपी पुढे येत आणि लग्नाची वचनं पुन्हा उच्चारत. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात. तरुणपणी ही वचनं विश्वासावर दिलेली असतात. पन्नाशीच्या जोडप्यांनी मात्र त्यातलं दुःख भोगलेलं होतं, आजारपणात एकमेकांची उशापायथ्याची सेवा केलेली होती. वाडीत राबून खरखरीत झालेले ते हात एकमेकांत गुंफलेले पाहिले की वाटायचं, याहून मोठं प्रवचन कोणतं!

जेवणाच्या वेळी आई आणि शेजारच्या मावश्या पंगतीवर लक्ष ठेवून असत. कुणी न जेवता निघालाय का, भात पुरेल का. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 साली जपमाळेच्या प्रार्थनेत प्रकाशाची रहस्यं, म्हणजे मनन करायचे येशूच्या जीवनातले प्रसंग, घातली, त्यांतलं दुसरं रहस्य काना गावच्या लग्नाचं. द्राक्षारस संपल्याचं आधी मरियेच्या ध्यानात आलं, तिने गाजावाजा न करता मुलाला सांगितलं. आमच्या घरी गुरुवारी संध्याकाळी हे रहस्य म्हणताना मला पंगतीतून वाढत फिरणारी आईच दिसते.

आता आमची मुलं वाढायला उभी राहतात. यंदा धाकटीने न सांगता आधी आज्यांच्या रांगेत पाणी नेलं.