टायर आणि मासे

"उन्हाळी टायर कुठे ठेवणार?" मॉन्ट्रियलच्या घरमालकाने टाउनहाऊस भाड्याने देताना भावाला हे विचारलं.

तिकडे १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लागतातच, कायदाच आहे. थंडी ७ अंशांखाली गेली की साधं रबर कडक होतं, रस्ता धरत नाही. मालकाने तळघराचा एक कोपरा झाडून रिकामा करून दिला. चार टायर एकावर एक मावतील एवढा.

कॉलवर तो कोपरा बघितला आणि दुपारचा मुलुंडचा एजंट आठवला. "ताई, घरात मासे करता का? मग या सोसायटीत नाही जमणार." फ्लॅट दाखवलाही नाही.

डिपॉझिट तयार, ११ महिन्यांचा करार मान्य, तरी हे? फार लागलं मनाला.

मुलुंड-भांडुपकडे कुणी थेट मालक ओळखीचा आहे का?