सिग्नलवरची पोरं आणि स्पॉन्सरशिपचे पैसे
"पालिकेची शाळा फुकट, पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी पण मिळते, मग स्पॉन्सर कशाला हवा?" सिग्नलवरच्या पोरांच्या शिक्षणाला पैसे द्यायचा विषय निघाला, तेव्हा एका मित्राचा प्रश्न. रास्तच आहे म्हणा. पण ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते ना, कंटेनरमधले वर्ग, तिथंच राहणाऱ्या, सिग्नलला वस्तू विकणाऱ्या पोरांसाठी, ती बघितली की कळतं पैसे कुठं लागतात ते. घरंच दुष्काळी भागातून आलेली, पुलाखाली संसार, म्हणजे आधी आंघोळ, मग नाश्ता, मग कुठं बाराखडी, आणि हे रोज करून घ्यायला माणसं लागतात, त्यांचा पगार कोण देणार? दप्तर द्यायला सगळ्यांना आवडतं (फोटो छान येतो!), पगाराचं नाव काढलं की सगळे गप्प.

जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच (आरटीई) आहे तसं, वयाप्रमाणे वर्ग पण मिळतो. खरी गोची कमाईची. पोरगं शाळेत गेलं की घरातले तेवढे पैसे बुडतात, मग आईबाप त्याला परत सिग्नलला उभं करतात. त्याला शाळेत टिकवायला परत रोज माणसंच लागतात. म्हणून मी तरी म्हणेन, एकरकमी नको, दरमहा थोडे द्या आणि पगाराला वापरा असं स्पष्ट सांगा.