हरणाचं सॉस पिकाँट: तिसरा प्रयत्न

लाफिएत, लुइझियाना (अमेरिका). सॉस पिकाँट म्हणजे इथला टोमॅटोचा तिखट रस्सा. आज पहिल्यांदाच त्यातलं मांस काट्याने तुटलं!

पहिल्या वेळी पाठीचा लुसलुशीत तुकडा घेतला होता. दोन तासांत कोरडाठक. त्या भागात शिजून विरघळायला काही नसतंच. तो तव्यावर चटकन परतून खायचा. दुसऱ्या वेळी खांदा घेतला, पण रू (तेलात भाजलेला मैदा, रश्शाचा पाया) करपली. काळे ठिपके दिसताच ती टाकून द्यायला हवी होती. मी पुढे रेटलं आणि अख्खं पातेलं कडू झालं.

हे मांस शेजारच्या काकांनी दिलेलं. शिकारीचं मांस इथे विकता येत नाही, ते असंच कुणाच्या तरी फ्रीजरमधून येतं. आपल्याकडे हरणाची शिकार गुन्हा, इथे तिचा ठरलेला मोसम असतो. खांदा ९०० ग्रॅम. सगळी चरबी काढली, कारण हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते. वरचा चंदेरी पापुद्राही सोलला. तुकडे आधी लालसर परतून बाजूला ठेवले.

आता रू. अर्धा कप तेल, अर्धा कप मैदा, बिडाचं भांडं, मंद आच, हात थांबवायचा नाही. लाडवाचं बेसन भाजणाऱ्याला हे लगेच जमेल, फक्त जिथे बेसन उतरवतो त्याच्या बरंच पुढे जायचं. आधी कच्च्या पिठाचा वास, मग भाजलेल्या दाण्यांचा. ४० मिनिटांनी चॉकलेटी रंग आला तेव्हा घरभर खमंग दरवळत होतं. रू जितकी गडद, तितका तिचा दाटपणा कमी. म्हणून रस्सा पातळ वाटला तरी घाबरू नका.

लगेच कांदा, ढोबळी मिरची, सेलरी. भाज्या पडल्या की रू पुढे करपत नाही. मग लसूण, दोन चमचे टोमॅटो पेस्ट (तांबूस होईपर्यंत परतली, आंबटपणा इथेच मोडतो), डब्यातले टोमॅटो, ४ कप स्टॉक, बे लीफ, थाइम. तिखटाला केयेन (लाल मिरचीची पूड), काळी मिरी आणि पांढरी मिरी, तिन्ही. केयेन निम्मी आता, निम्मी शेवटी. मांस परत घालून तीन तास, जेमतेम बुडबुडे येतील इतक्याच आचेवर.

वरून कांद्याची पात, पार्सली. खाली पांढरा भात.

एक राहिलं: स्टॉक आटून मीठ जास्त झालं. पुढच्या वेळी बिनमिठाचा स्टॉक, आणि मिळाला तर ससा.