आमची वाटचाल: मिशनमधला क्रम

आमचं काम जळालेल्या विजेच्या मोटर रिवाइंड करण्याचं, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची जळकी गुंडाळी (कॉइल) काढून नवी भरण्याचं. व्हिजन एका ओळीचं आहे: दुरुस्त होणारी मोटर भंगारात जाऊ नये. मिशनमध्ये तीन गोष्टी आहेत, त्याही याच क्रमाने. मोटर मूळची होती तशी टिकाऊ करायची, काय बदललं ते ग्राहकाला दाखवायचं आणि कबूल केलेल्या वेळेत द्यायची.

क्रमावर आमचा भर आहे, कारण दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या की मिशनची परीक्षा होते. ग्राहकाला मोटर संध्याकाळी हवी आणि कॉइलच्या तारा घट्ट धरणारं वार्निश अजून ओलं आहे. तिन्ही कलमं सारख्याच तोलाची असतील, तर समोर उभा असलेला माणूस जिंकतो आणि मोटर ओव्हनमधून वेळेआधी बाहेर निघते. आतलं वार्निश कच्चं राहतं, तारा कंपनाने एकमेकींवर घासतात, त्यांच्यावरचं इनॅमल, म्हणजे इन्सुलेशनचा थर, जातं, शॉर्ट होतो. अशा वेळी आमच्याकडे तिसरं कलम मागे सरतं आणि ग्राहकाला लगेच फोन जातो. जॉन्सन अँड जॉन्सनच्या 1943 सालच्या ‘क्रेडो’तही (कंपनीच्या तत्त्वांच्या जाहीरनाम्यात) जबाबदाऱ्या अशाच क्रमाने आहेत: आधी डॉक्टर, नर्स आणि कंपनीची उत्पादनं वापरणारे, शेवटी भागधारक.

सगळ्यात मोठा मोह मूळच्यापेक्षा बारीक तार घालण्याचा. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: 22 गेजची तार 0.711 मिमी, 23 गेजची 0.610 मिमी. बारीक तार स्लॉटमध्ये (कॉइल बसते त्या खाचेत) पटकन बसते, तांबंही कमी लागतं. पण तांब्याचं क्षेत्रफळ 26 टक्क्यांनी घटतं, रेझिस्टन्स साधारण 36 टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच करंटला कॉइलमध्ये उष्णताही तितकीच जास्त होते. नो-लोडवर, म्हणजे काही ओझं नसताना, मोटर छान चालते, म्हणून टेस्टिंगला हे कळत नाही. लोडवर चालून चालून इन्सुलेशन करपतं.

म्हणून ‘टिकाऊ’ हा शब्द आम्ही जॉबकार्डावर आणला. जुनी कॉइल काढतानाच टर्न (वेढे), पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर), समांतर तारा आणि इनॅमल काढून मायक्रोमीटरने मोजलेला व्यास लिहायचा, शेजारच्या रकान्यात नव्या तारेचे आकडे. एका जाड तारेऐवजी दोन बारीक चालतात, एकूण क्षेत्रफळ जुळलं पाहिजे. इथे एक मेख आहे: आधीच्या दुरुस्तीत कुणी तार बदललेली असेल, तर आपण चुकीचीच नक्कल करतो. नेमप्लेटवरच्या करंटशी ताडून पाहिल्याशिवाय कार्ड पुढे जात नाही. शेवटी 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) कॉइल आणि बॉडीमधला रेझिस्टन्स किमान 5 मेगओहम, हेही कार्डावरच.

दुसऱ्या कलमाला फार लागत नाही. जुनं बेअरिंग आणि जळक्या तारेचा तुकडा मोटरसोबत पिशवीत जातो.

कारागिरांचा भत्ता मात्र जपून ठरवावा लागतो. रोजच्या मोटरींच्या संख्येवर भत्ता दिला, की कार्डावरचे आकडे अंदाजाने भरले जातात. भिंतीवर मिशन कितीही ठळक लावा. आमच्याकडे भत्ता वॉरंटीत परत न आलेल्या कामावर आहे.

व्हिजनमधला ‘दुरुस्त होणारी’ हा शब्दही पाळायचा असतो. कुणी उघड्या ज्योतीने वाइंडिंग जाळून काढलेलं असेल, तर स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, पत्रे आपसात शॉर्ट होतात आणि नवी कॉइल भरूनही कोर, म्हणजे या पत्र्यांचा गठ्ठा, तापतच राहतो. कोर टेस्टमध्ये असा गरम डाग सापडला, की आम्ही ते काम घेत नाही. डाग ग्राहकाला दाखवतो आणि नवी मोटर घ्या म्हणून सांगतो.