घडीचा चाकू आधी कुठं मोडतो

मोसंबीची रोपं न्यायला येणाऱ्यांचं लक्ष हटकून माझ्या हातातल्या चाकूकडं जातं. "काका, कोणत्या कंपनीचा? आमचे तर दोन हंगामांत खिळखिळे होतात." कंपनीचं नाव पात्यावरनं कधीच घासून गेलंय. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

माझी रोपवाटिका अंबड तालुक्यात. थंडीत रंगपूर लिंबाच्या पेन्सिलीएवढ्या खुंटावर मोसंबीचे डोळे, म्हणजे फांदीवरचे न फुटलेले कोंब, भरून कलमं करायची. इंग्रजी 'टी'सारखा छेद, साल हळूच उचकटायची, डोळा आत सरकवायचा, वर पट्टी. चाकू दिवसभर चालू.

घेणारे पातं बघतात. मी सांधा बघतो. पातं ज्या खिळ्यावर फिरतं, सगळा भार त्याच्यावर. दुकानात चाकू पुरता उघडा, टोकाजवळची पाठ चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडं हलवून बघा. नव्यालाच बारीक 'टक्' लागलं तर तिथंच ठेवून द्या, खिळ्याचं भोक वाढतच जाणार. चांगल्या चाकूत पात्याच्या दोन्ही अंगांना पितळी चकत्या असतात, झीज त्या सोसतात. मुठीच्या पाठीतली कमान, म्हणजे स्प्रिंग, हीही कडक हवी. पातं मिटताना शेवटी आपोआप ओढलं गेलं पाहिजे.

पोलादाचं म्हणाल तर माझं साधं कार्बनचं आहे. दगडावर चार हात मारले की धार येते, पण लिंबाच्या रसानं काळं पडतं. काळं पडू द्या, त्यानं काही बिघडत नाही. तांबडं दिसलं तर मात्र तेव्हाच पुसा. ज्याला पुसायचा कंटाळा त्यानं स्टेनलेस घ्यावं. त्यात बहुधा 12-13 टक्के किंवा जास्त क्रोमियम असतं, गंज उशिरा येतो. पण सांध्यात ओल राहिली तर त्यालाही येतोच. कडकपणा रॉकवेल मापावर 56 ते 58 असला की अशा कामाला पुरे. फार कडक पात्याचे तुकडे उडतात, मऊ असलं तर धार दुमडते.

माझा पहिला चाकू मीच घालवला. सांधा जड झाला म्हणून घरातलं करडईचं तेल सोडलं. दोन दिवस लोण्यासारखा फिरला. पुढं महिनाभर तो तसाच कपाटात पडून होता. काढला तर पातं उघडेना. करडईचं तेल हवेत वाळतं, त्याचा चिकट थर होतो, त्यात आमची काळी माती बसली की खळच. मी जोर लावला, पातं तिरकं झालं, खिळा ढिला झाला तो कायमचा. तेव्हापासून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही सांधा आधी ब्रशनं झाडून.

दुसऱ्याचं टोक आठवडी बाजारात गेलं. धारवाल्यानं सुकं चाक फिरवलं, ठिणग्या मस्त उडाल्या (मीही कौतुकानं बघत होतो!) आणि टोक निळं झालं. निळं झालं म्हणजे पोलाद तापून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढ्या जागेला पुन्हा धार टिकलीच नाही. आता घरीच, ओल्या दगडावर.

हातातला हा तिसरा. पातं झिजून जवळजवळ निम्मं राहिलंय, पण सांधा अजून हलत नाही. पुतण्या परवा ठिबकची नळी कापायला मागत होता. त्याला विळा दिला.