हॅश जुळले, शेरे गेले

फाइल सर्व्हर विंडोजवरून लिनक्सवर हलवण्याचे काम रात्री चालते आणि सकाळी आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो: हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले ठशासारखे आकडे, दोन्हीकडे जुळले का? त्या दिवशी सगळे जुळले होते. तरीही दुपारच्या आत आरेखन विभागाची तक्रार आली की नकाशे उघडतात, पण त्यांवरचे मंजुरीचे शेरे दिसत नाहीत.

जुना सर्व्हर अजून पुसलेला नव्हता. त्यावर फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'डिर' या आदेशाला '/आर' जोडून पाहिले, तेव्हा प्रत्येक नकाशाच्या ओळीखाली, त्याच नावापुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके देऊन जोडलेले दुसरे नाव उमटले. मंजुरीच्या जुन्या सॉफ्टवेअरने शेरे आणि सहीची प्रतिमा या पर्यायी डेटा स्ट्रीममध्ये, म्हणजे त्याच फाइलला जोडलेल्या नजरेआडच्या दुसऱ्या कप्प्यात, ठेवली होती. विंडोजचा एक्सप्लोरर दाखवतो त्या आकारात ही स्ट्रीम धरलेली नसते आणि आमचे हॅशचे साधनही फक्त मुख्य स्ट्रीम, म्हणजे फाइलचा नेहमीचा मजकूर, वाचते. त्यामुळे जे हलवलेच गेले नव्हते, ते तपासलेही गेले नाही, आणि अहवाल मात्र निर्दोष आला.

बैठकीत अर्थातच जुंपली. तरुण सहकाऱ्याच्या मते फाइल म्हणजे बाइट्सची एकच सलग रांग. ऑपरेटिंग सिस्टिमने त्यापलीकडे काही देऊच नये. वरिष्ठांनी मॅकच्या रिसोर्स फोर्कचा, म्हणजे तिथल्या फाइलींच्या अशाच दुसऱ्या भागांचा, दाखला दिला, ज्यांची सोय व्हावी म्हणून एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) 1993 पासून या स्ट्रीम आहेत. कोणत्याही वादाचा शेवट 'लिनक्सवाल्यांना कळत नाही' येथे नेण्याची त्यांना खोड आहे. पण इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवरची 'झोन आयडेंटिफायर' ही खूण अशाच स्ट्रीममध्ये असते, हा त्यांचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता.

माझ्या मते सोय असणे वाईट नाही, ती अर्धवट असणे घातक आहे. ज्यात अशा स्ट्रीम नसतात त्या एक्सफॅट फाइल सिस्टिमच्या पेनड्राइव्हवर नक्कल करताना एक्सप्लोरर निदान इशारा देतो. ईमेलच्या जोडपत्रातून किंवा साध्या झिपमधून स्ट्रीम गळते, तेव्हा कोणी चकार शब्द काढत नाही. खुद्द रेएफएस ही विंडोजचीच नवी फाइल सिस्टिम 2012 साली आली ती या सोयीविना, आणि पुढच्या आवृत्तीत सोय परतली ती 128 किलोबाइटच्या मर्यादेसह. लिनक्सची विस्तारित गुणवैशिष्ट्ये, म्हणजे फाइलला जोडता येणाऱ्या छोट्या नोंदी, तिथल्या ईएक्सटी4 फाइल सिस्टिमच्या नेहमीच्या मांडणीत 4 किलोबाइटच्या ब्लॉकात मावावी लागतात, आणि आमच्याकडे एकेका सहीची प्रतिमाच त्याहून मोठी होती. लिनक्सवरच्या फाइली विंडोजला पुरवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरचे एक मॉड्यूल स्ट्रीम वेगळ्या डिरेक्टरीत ठेवते. पण मग बॅकअपमधून नेमकी तीच डिरेक्टरी सुटली, तर पुन्हा तेच.

शेवटी शेरे नकाशाशेजारी, त्याच नावाच्या साध्या फाइलमध्ये ठेवण्याचे ठरले, कारण ती हॅशलाही दिसते आणि बॅकअपलाही. थोड्याच दिवसांत कोणीतरी एका नकाशाचे नाव बदलले आणि शेऱ्यांची फाइल जुन्याच नावाने मागे राहिली. एनटीएफएसमध्ये हे घडले नसते, हे वरिष्ठांनी लगेच लेखी कळवले, आणि दोन्ही फाइलींची नावे एकत्र बदलण्याची जबाबदारी नेमकी कोणावर टाकावी, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.