शेड नंतर ठरवा, आधी शटर ओळखा

किचनची जुनी कॅबिनेट रंगवायची ठरली की घरात आधी रंगछटांचं शेडकार्ड उघडलं जातं. ते थोडा वेळ मिटून ठेवा. पांढरा की राखाडी हा वाद एका संध्याकाळी मिटतो, पण लाकडावर वर्षानुवर्षं टिकणारा रंग सनमायकावर तसाच लावला तर थोड्याच दिवसांत नखाने खरवडून निघतो. मग दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. खरं म्हणजे शटर, म्हणजे कॅबिनेटचं दार, कशाचं आहे हेच कुणी पाहिलेलं नसतं.

ते पाहण्याची सोपी जागा म्हणजे बिजागरीची खाच. एका शटरची बिजागरी काढली की ३५ मिलिमीटर व्यासाची गोल वाटी दिसते आणि तिच्या कडेला आतला माल उघडा असतो. एकावर एक थर दिसले तर प्लायवूड, बारीक आणि सगळीकडे एकसारखा तपकिरी दिसला तर एमडीएफ (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला बोर्ड), लाकडाचे जाड कण चिकटवल्यासारखे वाटले तर पार्टिकल बोर्ड. वरचं आवरण कडेवरून कळतं. कडेला वेगळी पट्टी आणि सांध्यावर बारीक काळपट रेघ असेल तर सनमायका. समोरचा भाग आणि कडा अखंड कातडीने मढवल्यासारख्या, मागची बाजू मात्र सपाट आणि वेगळी, असं असेल तर पीव्हीसी मेम्ब्रेन. शटर आधी रंगवलेलं असेल तर कापसाच्या बोळ्यावर डिनेचर्ड स्पिरिट घेऊन मागच्या बाजूला अर्धा मिनिट घासा. रंग मऊ होऊन बोळ्यावर उतरला तर तो पाण्यात मिसळणाऱ्या जातीचा; काहीच उतरलं नाही तर बहुधा ऑईल पेंट.

फुगलेल्या पार्टिकल बोर्डावर रंगाचा उपाय चालत नाही. सिंकखालच्या शटरची खालची कड बऱ्याचदा अशीच फुगलेली असते. घासून ती सपाट होईल, पण आतले कण सुटलेले असतात आणि पहिल्याच ओलाव्यात ती पुन्हा फुलते. ते एक शटर नवीन करून घ्यावं. बाकीच्यांबरोबर रंगवलं की वेगळं ओळखूही येत नाही. मेम्ब्रेनचं गणित याहून कडक आहे. एका जरी शटरचा कोपरा सुटलेला असेल तर त्या शटरचं मेम्ब्रेन पूर्ण काढा. हीट गनने, ती नसेल तर हेअर ड्रायरने गरम करत सावकाश सोललं की ते निघतं. अर्धं चिकटलेलं मेम्ब्रेन रंगवलं तर शेगडीच्या उष्णतेने उरलेलं अर्धं रंगासकट सुटतं.

शटर आणि ड्रॉवरचे दर्शनी भाग उतरवूनच रंगवा. जागेवर ठेवून रंगवलं की बिजागरीच्या मागे ब्रश पोचत नाही आणि उभ्या शटरवर ओघळ येतात. उतरवताना प्रत्येकाला नंबर द्या, पण तो बिजागरीच्या वाटीत पेन्सिलने लिहा आणि वर मास्किंग टेपचा तुकडा लावा. नुसत्या टेपवर लिहिलेला नंबर धुताना जातो. सारख्या दिसणाऱ्या दोन शटरांत दोन मिलिमीटरचा फरक असू शकतो, आणि तो कळतो शेवटी, बसवताना.

आता धुणं. बहुतेक रंगकामं इथेच फसतात, म्हणून यात हात आखडू नका. शेगडीच्या आजूबाजूला आणि हँडलपाशी तेलाचा चिकटा इतका मुरलेला असतो की डोळ्यांना तो दिसत नाही, बोटाला जाणवतो. धुण्याआधी घासायला बसलात तर पॉलिश पेपर तेच तेल ओरखड्यांत दाबून भरतो. सनमायका, मेम्ब्रेन आणि रंगवलेल्या शटरांसाठी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा पुरतो. हातमोजे घाला, स्पंजने घासा आणि स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, कारण मागे राहिलेला सोडाही रंगाला धरू देत नाही. उघड्या लाकडावर किंवा विनियरवर (बोर्डावर चिकटवलेल्या खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर) सोडा नको, लाकूड काळं पडतं. तिथे सौम्य साबण आणि मग टर्पेंटाइनचं फडकं. पाणी ओतून धुवायचं कुठेच नाही, सगळं काम पिळलेल्या फडक्याने. सुकल्यावर पांढऱ्या फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन हँडलजवळ पुसा. फडकं पिवळट झालं तर पुन्हा धुवा. शटरला कधी सिलिकॉनचं चकाकीचं पॉलिश लावलं असेल तर तेही याच वेळी निघालं पाहिजे, नाहीतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात आणि त्यावर कितीही हात मारले तरी ते बुजत नाहीत.

हँडल बदलायचं असेल तर निर्णय आत्ताच घ्या. दोन भोकांमधलं अंतर बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं. नवीन हँडल त्याच अंतराचं मिळालं तर भोकं बुजवायचं काम वाचतं. बुजवायचीच असतील तर दोन भाग मिसळून लावायचा वूड फिलर वापरा. भिंतीला भरायची लांबी (पुट्टी) इथे नको. ती लाकडात ठिसूळ राहते आणि शटर दोनचारदा आपटलं की टिकली पडावी तशी बाहेर येते. फिलर किंचित उंच ठेवा, सुकल्यावर घासून सपाट करा.

घासण्याचा हेतू शटरनुसार बदलतो. ऑईल पेंट आधीच असेल तर आधी १५०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. सनमायका कापायचा नाही, फक्त चमक मारायची: २२० नंबरने, तिरप्या उजेडात बघितल्यावर सगळीकडे सारखी मंद दिसेपर्यंत. मेम्ब्रेनलाही २२०, पण हलक्या हाताने, कारण जोर लावला तर ते गरम होऊन गोळा होतं. नक्षी आणि खाचांसाठी सँडिंग स्पंज. फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरा. असा रंग कोरडा घासायचा नाही; तपासणी करून घ्या, आणि तोवर लहान मुलं असलेल्या घरात त्याला हातही लावू नका. रंग नवा असला तरी धुळीसाठी एन ९५ मास्क हवाच. एमडीएफची भुकटी फार बारीक असते.

प्रायमरच्या दुकानी गोंधळ होतो. साधा वूड प्रायमर लाकडात जिरून पकड घेतो. सनमायकात तो जिरणार कुठे? तिथे गुळगुळीत पृष्ठभागासाठी बनवलेला, डब्यावर लॅमिनेट, टाइल, काच असं स्पष्ट लिहिलेला बाँडिंग प्रायमर किंवा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर लागतो. ओक आणि सागवानासारख्या लाकडातला तपकिरी रस पाण्याच्या प्रायमरमधून वर येतो आणि पांढऱ्या रंगावर चहासारखे डाग उमटतात. त्यावर डाग अडवणारा, शेलॅकचा (लाखेचा) किंवा सॉल्व्हंटचा प्रायमर हवा. सागवान तेलकटही असतं, म्हणून प्रायमरच्या लगेच आधी थिनरने पुसावं.

एमडीएफच्या कापलेल्या कडा हा वेगळाच त्रास. समोरची बाजू एका हातात भरते, कड मात्र स्पंजसारखी पीत राहते आणि शेवटी केसाळ दिसते. कडांना आधी सँडिंग सीलरचे दोन हात द्या, मध्ये ३२० ने घासा, मग बाकी शटरबरोबर प्रायमर. मेम्ब्रेन सोललेलं शटर असेल तर उघडा पडलेला सगळा भागच असा सील करावा लागतो.

सगळ्या शटरांना प्रायमर मारायच्या आधी एकाच शटरच्या मागे हातभर जागेत प्रायमर आणि रंग लावून तीन दिवस थांबा. मग ब्लेडने बारीक जाळी कापा, त्यावर चिकट टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपबरोबर आले तर प्रायमर चुकीचा आहे किंवा तेल राहिलंय. तीन दिवस गेले याचं दुःख करू नका, सोळा शटरं खरवडण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

रंग कोणता? आमचं मत पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक इनॅमलकडे झुकतं. पारंपरिक ऑईल पेंट छान सपाट पसरतो आणि कडक होतो, पण पांढरा ऑईल पेंट उजेड न पोचणाऱ्या जागी पिवळा पडतो, आणि शटरची आतली बाजू नेमकी अंधारात असते. गडद शेड घ्यायची असेल तर हा आक्षेप उरत नाही. दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) टिकायला सर्वांत भारी, पण त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. घरात तो स्प्रे करणं हे हौशी माणसाचं काम नाही. चमक सॅटिन किंवा सेमीग्लॉस घ्या. ग्लॉसमध्ये प्रत्येक खळगा दिसतो, मॅटवर तेलाचे डाग बसतात.

किती लागेल याचा हिशोब साधा आहे. ४५ बाय ७० सेंटिमीटरच्या शटरच्या दोन्ही बाजू मिळून ०.६३ चौरस मीटर. अशी १६ शटरं म्हणजे सुमारे १० चौरस मीटर, त्यात ड्रॉवर आणि चौकटीचे ३ मिळवा. एक लिटर रंग एका हातात साधारण १० चौरस मीटर झाकतो. म्हणजे प्रायमर दीड लिटर आणि दोन हातांसाठी रंग तीन लिटर. गडदावर पांढरा मारायचा असेल तर तिसरा हात धरा. कप्प्यांच्या आतून रंगवायचा मोह टाळा; तिथे डबे सरकतात आणि रंग खरवडला जातो.

चार इंची बारीक मायक्रोफायबर रोलर आणि दीड इंची सिंथेटिक ब्रश एवढी हत्यारं पुरतात. नैसर्गिक केसांचा ब्रश पाण्याच्या रंगात मऊ पडून लोळतो, तो ऑईल पेंटसाठी. शटर चार उलट्या ग्लासांवर आडवं ठेवा. आधी मागची बाजू, ती सुकल्यावर समोरची. चौकटीचं शटर असेल तर क्रम असा: खाचा, मधला पॅनल, आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या पट्ट्या. रोलर फिरवल्यावर लगेच, जवळजवळ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने हलका हात फिरवा म्हणजे बुडबुडे मोडतात. त्यानंतर तिथे परत जायचं नाही. अर्धवट सुकलेल्या रंगावर ब्रश फिरवणं हीच ब्रशच्या रेघांची जन्मकथा. पातळ हात मारा. रंग घट्ट वाटला तर डब्यावर सांगितलंय तेवढंच पाणी घाला. प्रत्येक हातानंतर डब्यावर दिलेला वेळ पाळा, ३२० नंबरने हलकं घासा, ओलसर फडक्याने धूळ टिपा. दमट दिवसांत हा वेळ दुप्पट धरा. ऑईल पेंट वापरला असेल तर त्याची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. आणि थिनर उघडा असेपर्यंत शेगडी बंद.

सुकणं आणि पिकणं या दोन गोष्टी आहेत. पाण्याचा रंग दोन तासांत हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. शेवटच्या हातानंतर निदान तीन दिवस थांबून शटर बसवा. लगेच बसवून बंद केलं की शटर चौकटीला चिकटतं आणि उघडताना रंगाचा पोपडा घेऊन येतं. कोपऱ्यांत सिलिकॉनच्या छोट्या पारदर्शक टिकल्या लावा. रंगाच्या थरांनी फटी थोड्या कमी झालेल्या असतात. शटर एकमेकांना घासत असतील तर बिजागरीचा पुढचा स्क्रू शटर डावीउजवीकडे सरकवतो, मागचा आतबाहेर. पहिला महिनाभर फक्त ओलसर मऊ फडकं, घासणी आणि क्लीनर नको.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, आतली हवा त्यावर साय आणते. लहान काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, वर शेडचा नंबर आणि तारीख लिहा. टवका उडाला तर तेवढाच भाग ४०० नंबरने घासा, उघडं पडलेल्या जागी ठिपकाभर प्रायमर लावा आणि चित्रकलेच्या बारीक ब्रशने रंग भरा. हँडलभोवतीचा रंगच सोलत असेल तर मात्र डागडुजी करू नका. तिथलं तेल धुताना राहिलंय. ते शटर उतरवा आणि सोड्याच्या पाण्यापासून पुन्हा सुरू करा.